पाहण्याचा दिवा

माझी नणंद जेवायला बसली की बाकीच्यांचे हात धुऊन होतात, ओटा पुसून होतो, दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवले जातात, तरी तिचं ताट अर्धं भरलेलंच असतं. या सवयीपायी लहानपणी तिला घरात गोगलगाय म्हणायचे. पुढे त्यातली गाय गळाली आणि गोगल उरली. विद्यापीठातही हेच नाव पोहोचलं. तिथल्यांना वाटतं, लॅबमध्ये डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवते म्हणून पडलं असेल. ती कुणाचा गैरसमज दूर करत बसत नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, शाळेत कवायतीचे मास्तर होते. 'आटपा, आटपा' हा त्यांचा जन्मभराचा मंत्र. निवृत्त झाल्यावर शिट्टी खुंटीला लागली, पण तिचा आवाज त्यांच्या घशात राहिला. "हिला जन्मायलासुद्धा उशीर झाला होता," अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. "डॉक्टर मध्ये चहा पिऊन आला, तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी लॉन्ड्री चालवते आणि गोगल विद्यापीठात उजेडाला आणि रेणूंना शिस्त लावते. हे शेवटचं ऐकलं की लोक 'हो का, वा' म्हणतात आणि कपडे कधी मिळतील ते विचारतात.

मी मात्र तिचं काम समजून घेतलं. एका दिवसात नाही. ती जेवत असायची आणि मी समोर बसून विचारत असायचे, असं करत करत. काचेवर सोन्याचा पातळ थर असतो. त्यावर तिच्या रेणूंचा एकच पदर अंथरायचा. एकच, दुसरा चढला तर काच बाद. त्या पदरावर सोन्याचे बारीक कण सोडायचे. म्हणजे खाली सोनं, वर सोनं आणि मधल्या फटीत रेणू. फट केवढी? माणसाच्या केसाच्या जाडीचे लाख काप करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढी. त्या फटीत उजेड शिरला की कोंडतो आणि बाहेर असतो त्याच्या शेकडोपट प्रखर होतो.

"म्हणजे सदऱ्याच्या चुण्यांत वाफ कोंडते तसं?" मी एकदा विचारलं.

"प्रत्येक गोष्टीत तुझी इस्त्री कशी गं येते, वहिनी?" ती म्हणाली. मग घास चावून झाल्यावर, "पण आज बरीच जवळ आलीस."

तिचा रेणू निळ्या उजेडात दुमडतो आणि हिरव्या उजेडात उलगडतो. घडी घालायची, घडी मोडायची. एवढं मला एका दमात कळलं, कारण माझा धंदाच तो. पण ही घडी पडली की नाही ते पाहायचं कसं? त्यासाठी तिसरा दिवा, तांबडा. तो फटीत सोडला की रेणूवरून उधळून बाहेर येतो, आणि पडद्यावर उंचवट्यांची एक रेघ उमटते. कुठला उंचवटा वर आहे, कुठला बसला आहे, त्यावरून रेणू सरळ आहे की दुमडलेला ते समजतं. या तांबड्या दिव्याला लॅबमध्ये 'पाहण्याचा दिवा' म्हणतात.

"त्याने फक्त पाहायचं," गोगल म्हणाली. "कशालाही हात लावायचा नाही. पाहणाराच लुडबुड करायला लागला तर आपण काय पाहिलं म्हणायचं?"

"मग आपल्या आत्यांसारखाच की तो. त्यासुद्धा नुसतं बघायलाच येतात."

आत्या म्हणजे अण्णांची बहीण. तेव्हा त्या शेजारच्या खोलीतच होत्या, त्यामुळे गोगलला हसू दाबताना ठसका लागला. आत्यांचं गोगलबद्दलचं मत ठरलेलं होतं. "दिवसभर सोन्यात काम करते म्हणे, आणि कानात बघा, काही नाही. चाळिशी उलटली तरी हिची शाळा काही सुटत नाही."

त्या सोन्याची बाटली मी पाहिली आहे. एकदा लॉन्ड्रीच्या सुट्टीच्या दिवशी ती मला लॅबमध्ये घेऊन गेली होती. बाटलीत लालभडक पाणी. "हेच सोनं," ती म्हणाली. कण इतके बारीक झाले की सोनं पिवळं राहत नाही. काळ्या पडद्याआड एक भलंमोठं लोखंडी टेबल होतं, पायांत हवा भरून तरंगत ठेवलेलं, म्हणजे जमिनीचा हादरा वर चढू नये. त्यावर आरसे, भिंगं, स्क्रू, आणि मधोमध सूक्ष्मदर्शक. एकेक आरसा तिने स्वतः बसवलेला. कुठला स्क्रू किती पिळायचा ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. घरात साध्या डब्याचं झाकण हिला धड लागत नाही, आणि इथे हात कसा चालत होता! मी बघतच राहिले.

आता अडचण अशी की हे टेबल तिचं नव्हतं. तिची नेमणूक तात्पुरती, दर खेपेला पुढे ढकललेली. या वर्षी समिती बसणार होती. एक तर तिला कायम करणार, नाही तर मोकळं करणार. मोकळं केलं तर टेबल सुटं करून दुसऱ्याला देणार आणि हिने दूरच्या एका रंगाच्या कारखान्यात रंग तपासायला जायचं. तिकडून बोलावणं येऊन पडलं होतं. नोकरी चांगली होती, तेच वाईट होतं. नकार द्यायला कारण सापडेना.

त्यात बातमी आली की परदेशातल्या कुणीतरी असाच रेणू, अशाच फटीत, जवळजवळ वळवत, म्हणजे दुमडत-उलगडत, आणलाय. मग आमच्या गोगलने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली.

तिची रेघ फार फिकी यायची. मंद उजेडात एक रेघ धड उमटायला तास तास जायचे. तिने पाहण्याचा दिवा मोठा केला. रेघ लगेच ठळक झाली, आणि नुसती ठळक नाही, नाचायला लागली. उंचवटे पडत होते, उठत होते. रेणू डोळ्यांदेखत दुमडतोय आणि उलगडतोय! तिच्या प्रमुख मॅडम, एरवी 'ठीक आहे' याच्या पलीकडे न जाणाऱ्या, त्या दिवशी 'वा' म्हणाल्या. ते चित्र समितीच्या कागदांवर पहिल्या पानावर गेलं. घरी अण्णांनी ते फोनवर मागवून घेतलं आणि बागेतल्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवलं. एकाने विचारलं म्हणे, "कुणाच्या छातीचा आलेख आहे? लवकर डॉक्टरकडे न्या."

समितीला दोन आठवडे उरले असतील. भर दुपारी गोगल लॉन्ड्रीत आली. ती कधी येत नाही. मी इस्त्री उभी केली.

"वहिनी, न वळणारा रेणू वळतोय," ती म्हणाली.

"चांगलंच की."

"अगं, वळतच नाही असा रेणू मुद्दाम ठेवलेला असतो आम्ही. त्याला मुकी काच म्हणतो. खऱ्या काचेवर जे दिसलं ते मुक्या काचेवर दिसता कामा नये, तरच ते खरं. ती मी कधीच मोजून ठेवली होती. पण तेव्हा दिवा मंद होता. दिवा मोठा केल्यावर मुकी काच परत मोजायला हवी होती. मी जुनीच रेघ शेजारी लावली. आज वाटलं, समितीपुढे जायचंय, ताजी मोजून घेऊ. मोजली. तीसुद्धा नाचतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे नाचतोय तो रेणू नव्हेच. बाहेर माझा दिवा तळहातावर घेतला तरी ऊब लागणार नाही. पण फटीत तो शेकडोपट होतो ना? तिथे भट्टी झाली. रेणू जळला. त्याचा कोळसा झाला आणि तो कोळसा लुकलुकतोय. मी काजळीचा नाच बघून टाळ्या पिटल्या."

समोर कुणाचा तरी पांढरा सदरा अर्धवट इस्त्री होऊन पडला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं आणि म्हणाली, "हो गं बाई, तसंच. आज तुझी इस्त्री चालेल."

ती रडली वगैरे नाही. सदऱ्याची बाही सरळ करत म्हणाली, "पण माझा रेणू वळतो. ते मला माहीत आहे. फक्त, मी जे दाखवलं, ते त्याचं वळणं नव्हतं."

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "समितीला काय कळतंय? आधी खुर्चीवर बस, मग खरं बोल. लिफ्ट मध्येच अडकली तर आम्ही आतल्या माणसांना दोर झिजलाय असं सांगत नाही. आधी बाहेर काढतो."

"दादा, इथे दोर मीच आहे."

"मॅडम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, समितीला मी सांगू की तू सांगशील? मी म्हटलं, मीच. म्हणाल्या, ठीक आहे."

मला नवऱ्याचं बोलणं पटलं होतं आणि मी तसं म्हटलंही. आता नोकरी पदरात पाडून घ्यावी, चूक काय, पुढच्या महिन्यातही सापडू शकते. जगात माणसं असंच करतात आणि त्यांची दुकानं चालतात.

"चालतात," गोगल म्हणाली. "पण उद्या दुसरं कुणी माझं चित्र बघून दिवा मोठा करील आणि तोही काजळी मोजत बसेल. आणि मी त्या टेबलाशी रोज बसणार ते कशाला? पुन्हा काजळी मोजायला?"

अण्णांचा धीर सुटला. ते म्हणाले, "मग आता करणार काय ते बोल. आटप."

"आटपायचं नाही, अण्णा. हेच करणार आहे. दिवा मंद करायचा, पूर्वी होता त्याच्याहून मंद. आणि बसून राहायचं."

"ते तुला जमेल," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

बसून राहायचं म्हणजे नुसतं बसायचं नव्हतं. इतक्या मंद उजेडात घडी पडून मोडेपर्यंतच्या रेघा उमटायला सकाळची संध्याकाळ व्हायची. तेवढ्या वेळात काच केसभर, म्हणजे खरं तर केसाच्या कितव्या तरी भागाने सरकायची आणि कण नजरेतून निसटायचा. तो परत परत मध्यावर आणायचा. मधल्या दिवसांत तिने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा व्हरांड्याचं दार कुणीतरी धाडकन सोडलं आणि दिवस फुकट गेला. त्या दाराला जबरदस्त स्प्रिंग होती आणि विद्यार्थ्यांना दोन्ही हातांत काहीतरी असायचंच.

"लिफ्ट बंद पाडून देऊ?" नवऱ्याने विचारलं. "सगळी इमारत शांत होईल."

"नको. मग लोक जिन्याने धावतील."

शेवटी मी म्हटलं, रविवारी मी येते. लॉन्ड्रीला सुट्टी असते. इस्त्रीच्या टेबलावर अंथरायचं जाड नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कापड नेलं आणि दाराच्या चौकटीला चिकटवलं. आणि दारापाशी खुर्ची टाकून बसले. आत काळ्या पडद्यामागे गोगल.

दुपारपर्यंत तीनचार विद्यार्थी आले. सगळे गुणी. एकाने तर बूट काढले, तेवढी काही गरज नव्हती. मग एक म्हातारे गृहस्थ आले, खेळाचे बूट, काखेत खोकं, आणि खांद्याने दार ढकलून आत शिरायच्या बेतात.

"आजोबा, दार धरा! हाताने धरा!"

ते दचकले. "मी या इमारतीत तुमच्या जन्मापासून येतोय, बाई."

"येत असाल हो. दार धरून लावायचं. आपटलं तर माझ्या नणंदेचा दिवस पाण्यात जाईल."

त्यांनी खोकं खाली ठेवलं, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं दार लावलं, आणि विचारलं, "काय चाललंय आत?"

माणूस भला वाटला. मलाही सकाळपासून बोलायला कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं. रेणू, घडी, तांबडा दिवा, फटीतली भट्टी, काजळीचा नाच, मुकी काच, इस्त्री. "तुम्हाला कळावं म्हणून सांगते," असंही मी मध्ये एकदा म्हटलं. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. "मग आधीचं चित्र चुकलेलं?" त्यांनी विचारलं. "अहो, जळलेलं!" मी म्हटलं.

तेवढ्यात गोगल पाणी प्यायला बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"सर," ती म्हणाली.

ते समितीचे अध्यक्ष होते.

मी उभी राहिले, परत बसले. पण गोगल शांतपणे पाणी प्याली, तिच्याच गतीने, आणि म्हणाली, "मंगळवारी हेच सांगणार होते, सर. कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. वहिनीने केली."

"मी आज इथे आलोच नाही," सर म्हणाले. "मंगळवारी ऐकेन." त्यांनी खोकं उचललं आणि जाताना दार हाताने धरून लावलं, जरासाही आवाज न करता.

मी कपाळावर हात मारून घेतला. "गोगल, मी तुझं वाटोळं केलं."

"काही केलं नाहीस. दार सांभाळ."

उन्हं कलली तेव्हा तिने मला पडद्यामागे बोलावलं. संगणकाच्या पडद्यावर रेघ होती. ठळक नव्हती, नाचत तर मुळीच नव्हती. पाहणाऱ्याला आवडावी असं तिच्यात काही नव्हतं. सकाळी निळा उजेड दिल्यावर एक उंचवटा हळूहळू बसला होता आणि शेजारचा वर आला होता. दुपारी हिरवा दिल्यावर तो परत खाली, पहिला परत वर. एक घडी, आणि ती मोडलेली. आदल्या दिवशी, शनिवारी, याच मंद उजेडात मोजलेली मुक्या काचेची रेघ तिने शेजारी लावली. ती ढिम्म.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," ती म्हणाली, आणि असं हसली की मला कळलं, हे एवढं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसायच्या बेतात होतो. आत्याही होत्या, त्यांना बातमीचा वास कुठूनही लागतो. गोगलने हातपाय धुतले, पाट ओढला, ताट वाढून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. ती भाजी अशी चावत होती जणू तीच तपासायची आहे. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो.

"अगं, बोल की!" अण्णांचा आवाज भिंतीवर आपटून परत आला.

"घास संपू दे, अण्णा."

घास संपला. पाणी प्याली.

"पहिलं चित्र लावलं, म्हटलं ही काजळी. मग दाखवलं ती कशी होते. त्यातले एक म्हणाले, म्हणजे ज्या चित्रावर आम्ही तुम्हाला बोलावलं ते चुकीचं? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग तुम्ही आलात कशाला? म्हटलं, बरोबर असलेलं दाखवायला. आणि रविवारची रेघ लावली."

"मग?" नवरा म्हणाला.

तिने पुढचा घास घेतला. आत्यांनी देवाचं नाव घेतलं.

"मग त्यांनी बरंच विचारलं. मुकी काच कधी मोजली, कुठल्या उजेडात, पुन्हा करून दाखवाल का. म्हटलं, दाखवीन, दिवसभर बसायची तयारी ठेवा. मला बाहेर बसवलं. मग आत बोलावलं." तिने भाजी सारखी केली. "जिथे जिथे ते पहिलं चित्र गेलंय तिथे तिथे ते चूक आहे असं कळवायचं. हे पहिलं काम."

"पहिलं म्हणजे?" मी विचारलं. "दुसरं आहे?"

"दुसरं, टेबल हलवायचं नाही. मी तिथेच. कायम."

अण्णा उठले, खुंटीवरची शिट्टी काढली, तोंडाजवळ नेली आणि शेजाऱ्यांचा विचार करून परत लावली. आत्या म्हणाल्या, "आता तरी कानात काही घाल." नवऱ्याने बहिणीच्या पाठीत धपाटा घातला, त्याने तिला पुन्हा ठसका लागला.

"आणि सर जाताना म्हणाले," ती ठसका आवरत म्हणाली, "त्या दारावरच्या बाई तुमच्या कोण? त्यांना आमच्या मजल्यावर पाठवा. आमच्याकडे कुणी दार धरतच नाही."

"सांग त्यांना, रविवारी मोकळी असते," मी म्हटलं.

ती परत जेवायला लागली. एरवी एव्हाना आम्ही हात धुऊन आपापल्या कामाला लागलेले असतो. त्या दिवशी ओटा तसाच राहिला. अण्णांसकट सगळे तिचं ताट संपेपर्यंत बसून राहिलो. बराच वेळ लागला.